उतारा आणि मूळ दप्तर

परळी वैजनाथच्या तहसीलमधून सातबाऱ्याचा उतारा आणला आणि त्यावर पेनाने क्षेत्र वाढवून लिहिलं, तरी दप्तरातली नोंद जागची हलत नाही. संगणकाचं कर्नलही फाइलींच्या बाबतीत हाच नियम पाळतं. केवळ वाचण्याची परवानगी असलेली फाइल प्रोग्रामला मेमरीत खाजगी म्हणून जोडून मिळते. लिहायची वेळ आली, की कर्नल त्या पानाची वेगळी प्रत काढून देतं. ‘कॉपी-ऑन-राइट’ची ही युक्ती 1970 च्या सुमारास टेनेक्स या प्रणालीत होती.

लिनक्समध्ये मात्र उताऱ्यावरचं लिखाण कित्येक वर्षं मूळ दप्तरात उतरू शकत होतं.

ते व्हायचं असं. एका प्रोग्रामचे दोन थ्रेड चालतात. पहिला लिहायला जातो. कर्नल प्रत काढतं आणि ‘लिहायचं आहे’ ही खूण पुसतं, कारण प्रत झाली म्हणजे मूळ पान सुरक्षित, असा त्याचा हिशेब. नेमकं तेव्हाच दुसरा थ्रेड ती प्रत टाकून द्यायला सांगतो. कर्नल पान पुन्हा शोधतं, पण खूण पुसलेली असल्याने या खेपेला मूळ पानच हाती देतं, आणि लिखाण थेट त्यावर होतं. असंख्य वेळा प्रयत्न केला, की कधीतरी हा मेळ बसतो. मग कसलाही अधिकार नसलेला वापरकर्ता खात्यांची फाइल बदलून यंत्राचा मालक होतो.

लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी 2005 मध्येच हा धोका ओळखून दुरुस्ती केली होती. आयबीएमच्या एस-390 यंत्रांवर तिने अडचण केली, म्हणून ती मागे घेतली गेली. तेव्हा हा धोका कागदावरचा वाटत होता. पुढे कर्नलची मेमरी-व्यवस्था वेगवान झाली आणि तो खरा ठरला. 2016 मध्ये फिल ऑस्टर यांना सर्व्हरवर साठवलेल्या वेब-वाहतुकीत हल्ल्याचा प्रोग्रामच सापडला. ‘कॉपी-ऑन-राइट’च्या आद्याक्षरांवरून या दोषाला ‘डर्टी काऊ’ हे नाव तेव्हा पडलं. नव्या दुरुस्तीने ‘लिहायचं आहे’ ही खूण पुसण्याऐवजी ‘प्रत काढली’ अशी वेगळी खूण आणली. त्या दुरुस्तीच्या नोंदीत टोरवाल्ड्स यांनी अकरा वर्षांपूर्वीचा आपलाच प्रयत्न वाईट होता असं लिहून ठेवलं. त्या दुरुस्तीच्या मोजक्या ओळींइतकीच ही कबुलीही मोलाची आहे. पुढच्या दुरुस्तीकाराला वाट तिनेच दिसते.

अँड्रॉइड लिनक्सवरच उभं असल्याने फोनही सुटले नाहीत. 2017 मध्ये ‘झेडनियू’ या घातक प्रोग्रामने हीच फट वापरली, आणि त्याचे बहुतेक बळी चीन आणि भारतातले होते. त्याच वर्षी मेमरीच्या मोठ्या पानांपुरती 2016 ची दुरुस्ती अपुरी असल्याचं उघड झालं. 2022 मध्ये सामायिक मेमरीतल्या फाइलींबाबत तोच दोष पुन्हा निघाला; तेव्हा डेव्हिड हिल्डनब्रँड यांनी 2016 ची ‘प्रत काढली’ ही खूणच काढून टाकली आणि पान खरोखर त्या एकट्या प्रोग्रामचं आहे का, ही थेट तपासणी आणली.