एक जूनची मुलं

आमच्या घरात तिघांचा वाढदिवस १ जूनला येतो. माझा, माझ्या थोरल्या भावाचा आणि आमच्या सौ.चा. नातू दर वर्षी विचारतो, "आजोबा, असं कसं?" मी हसून वेळ मारून नेतो. पण मंडळी, तुमच्यापैकी ज्यांनी साठी ओलांडली आहे त्यांना हे गुपित ठाऊकच असणार. मुलाला शाळेत घालायला आलेल्या बापाला जन्मतारीख सांगता यायची नाही. "दुष्काळाच्या साली झाला", "बाजरीची कापणी चालू होती तेव्हा", एवढंच. मग गुरुजी पोराकडे बघून वयाचा अंदाज करायचे आणि १ जून लिहून मोकळे व्हायचे.

पुढे मीच गुरुजी झालो आणि मीही तेच केलं. नोकरीची पहिली वर्षं साक्री तालुक्यात प्राथमिक शाळेवर गेली (बी.ए. मी नंतर बाहेरून केलं, विषय इतिहास). पश्चिमेकडच्या आदिवासी पाड्यांवरची कितीतरी मुलं माझ्या टाकाने १ जूनला जन्मली. त्या वेळी हे काम मला क्षुल्लक वाटायचं. ते तसं नव्हतं, हे कळायला २०२० साल उजाडावं लागलं.

त्या जानेवारीत माझा एक जुना विद्यार्थी दारात आला. पन्नाशीचा माणूस, गाद्या-रजया भरण्याचा वडिलोपार्जित धंदा. पिशवीतून त्याने दोन दाखले काढले, एक स्वतःचा आणि एक धाकट्या भावाचा. त्याच्या दाखल्यावर आडनाव पिंजारी, भावाच्या दाखल्यावर मन्सुरी. बापाचं नावही दोन्हीकडे थोडं वेगळं. दोन्ही नोंदी माझ्याच हातच्या. बापाने एका वर्षी एक सांगितलं, दुसऱ्या वर्षी दुसरं, आणि मी मागचं पान उलटून पाहिलं नाही. तो म्हणाला, "गुरुजी, मना बाप आठेच जन्मना, आजला आठेच मरना. आते आनखी काय दखाडू?"

मला उत्तर सुचलं नाही. सौ.ने चहा ठेवला.

तेव्हा देशभर काय चाललं होतं ते आठवा. नागरिकत्व दुरुस्तीचं विधेयक लोकसभेत ९ डिसेंबर २०१९ ला आणि राज्यसभेत ११ डिसेंबरला मंजूर झालं. पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तान या तीन देशांतून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिश्चनांना नागरिकत्वाची वाट सोपी झाली. अकरा वर्षांच्या वास्तव्याची अट पाचावर आली. यादीत मुसलमान नव्हते. कायदा कोणाचं नागरिकत्व काढून घेत नाही, असं सरकार सांगत होतं, आणि कायद्याच्या शब्दांपुरतं ते खरंही होतं. पण त्याच वर्षी ३१ ऑगस्टला आसामची नागरिक नोंदवही जाहीर झाली होती आणि तिच्यातून एकोणीस लाखांवर माणसं बाहेर राहिली होती. अशी नोंदवही देशभर करू, असं गृहमंत्र्यांनी संसदेत सांगितलं होतं. २२ डिसेंबरला पंतप्रधान म्हणाले की तशी चर्चाच झालेली नाही. लोकांनी दोन्ही ऐकलं, आणि ज्याला ज्याची भीती होती ते त्याच्या मनात राहिलं.

१९ डिसेंबरला मुंबईच्या ऑगस्ट क्रांती मैदानावर विरोधकांची प्रचंड गर्दी जमली. दुसऱ्या दिवशी बीड, परभणी, हिंगोलीत दगडफेक झाली. आमच्या शेजारच्या मालेगावात मोठा मोर्चा निघाला. दुसऱ्या बाजूने नागपुरात कायद्याच्या समर्थनाची सभा झाली आणि २७ डिसेंबरला मुंबईत तर एकाच दिवशी समर्थक ऑगस्ट क्रांती मैदानावर आणि विरोधक आझाद मैदानावर! २६ जानेवारीपासून नागपाड्यात बायका रस्त्यावर ठाण मांडून बसल्या, त्या मार्चमध्ये करोना येईपर्यंत. आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दोन भाच्यांनी एकमेकांशी बोलणं टाकलं ते कितीतरी दिवस.

इतिहासाचा माणूस म्हणून मला मात्र सारखं वाटत होतं, हे भांडण आपण आधी कुठेतरी वाचलं आहे. आणि खरंच होतं. हा वाद १९४९ च्या ऑगस्टमध्ये घटना समितीत झालेला आहे आणि त्यातले दोन मोठे वक्ते आपले मराठी होते.

१० ऑगस्टला डॉ. आंबेडकरांनी नागरिकत्वाचं कलम मांडलं. एखादा अपवाद सोडला तर मसुदा समितीला दुसऱ्या कुठल्याच कलमाने इतका ताप दिला नाही, असं त्यांनी सुरुवातीलाच कबूल केलं. त्यावर उठले डॉ. पंजाबराव देशमुख. विदर्भातला शेतकऱ्याचा मुलगा, अमरावतीच्या शिवाजी शिक्षण संस्थेचा संस्थापक, पुढे देशाचा कृषिमंत्री. खेड्यापाड्यांत शाळा नेणारा माणूस, त्यामुळे आम्हा मास्तर लोकांना त्यांच्याबद्दल विशेष आदर. त्यांचं म्हणणं असं, की या मसुद्याने नागरिकत्व फार स्वस्त केलं आहे, आणि जो धर्माने हिंदू किंवा शीख आहे व दुसऱ्या कुठल्या देशाचा नागरिक नाही, त्याला भारताचं नागरिकत्व मिळालं पाहिजे. फाळणी होऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती. निर्वासितांच्या छावण्या भरलेल्या होत्या. पंजाबरावांच्या बोलण्यामागची कळकळ खोटी म्हणवत नाही.

तरीही घटना समितीने ते मानलं नाही. १२ ऑगस्टला नेहरूंनी उत्तर दिलं, की हिंदूंसाठी, मुसलमानांसाठी, ख्रिश्चनांसाठी असे वेगवेगळे नियम करता येणार नाहीत. दुरुस्ती फेटाळली गेली. आलेल्यांसाठी तारीख धरली गेली ती १९ जुलै १९४८. त्याआधी पाकिस्तानातून आलेला सरळ नागरिक, नंतर आलेल्याने नोंदणी करायची. कलमात धर्माचा शब्द नाही. पुढचे नियम करायचा अधिकार संसदेला दिला आणि १९५५ चा कायदा त्यातूनच आला. सत्तर वर्षांनी त्याच कायद्यात धर्मांची नावं आली.

माझा एक सिंधी मित्र धुळ्याला कापडाचं दुकान चालवायचा. त्याचे वडील कराचीहून बोटीने मुंबईला, तिथून कल्याणच्या छावणीत, मग धुळ्याला. (ती कल्याणची छावणी म्हणजेच आजचं उल्हासनगर.) त्याला मी हा इतिहास सांगितला तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "गुरुजी, आमचे चुलते मागे राहिले होते. त्यांची मुलं वीस वर्षांपूर्वी आली. दर वेळी व्हिसा वाढवायला चकरा. त्यांना आता कागद मिळणार असेल तर मी आनंद नको करू?" करावा ना. त्या मुलांना कागद मिळू नये असं माझ्या पिंजारी विद्यार्थ्यालाही वाटत नव्हतं. त्याची भीती एवढीच होती, की उद्या सगळ्यांचेच कागद तपासले आणि त्यात चूक निघाली, तर एकाला मागचं दार उघडं असेल आणि दुसऱ्याला नसेल. चूक मात्र दोघांच्याही कागदात मास्तरचीच असेल!

आणि ज्यांच्याकडे कागदच नाहीत ते? भटक्यांचे आणि आदिवासींचे कार्यकर्ते त्या वेळी हेच विचारत होते. आम्हा साक्रीकरांना तो प्रश्न पुस्तकी वाटत नाही. १ जुलै २०१८ ला आमच्याच तालुक्यातल्या राईनपाड्यात, आठवडे बाजाराच्या दिवशी, मुलं पळवणारे समजून पाच नाथपंथी डवरी गोसाव्यांना जमावाने ठार मारलं. सोलापूरच्या बाजूने भिक्षा मागत आलेली माणसं. तो विषय नागरिकत्वाचा नव्हता, मोबाईलवरच्या अफवेचा होता, हे मला कळतं. पण 'तू कोण, कुठला' हा प्रश्न गर्दी विचारू लागली की काय होतं, ते आम्ही जवळून पाहिलं आहे. त्या गर्दीत माझ्या हाताखालून गेलेल्या शाळांची मुलं असतील का, हा विचार मला अजून झोपू देत नाही.

कायद्याचे नियम शेवटी ११ मार्च २०२४ ला आले. देशभरची नोंदवही झाली नाही. माझ्या विद्यार्थ्याला कोणी कागद विचारायला आलं नाही.

त्या दिवशी मात्र मी त्याला घेऊन शाळेत गेलो होतो. माझेच अक्षर, निळी शाई तपकिरी झालेली. शाळा सोडलेल्या मुलाची नोंद सहजी बदलत नाही, वरची परवानगी लागते, असं सांगण्यात आलं, आणि ते बरोबरच आहे. मग घरी येऊन मी एका कागदावर लिहून दिलं, की हे दोघे सख्खे भाऊ आहेत, मी दोघांनाही शिकवलं आहे, त्यांच्या वडिलांना ओळखत होतो आणि नोंदीतली चूक माझी आहे. खाली सही, तारीख. या कागदाला कायद्यात काही किंमत नाही, हे मी त्याला स्पष्ट सांगितलं. "राहू द्या गुरुजी," म्हणाला आणि घडी करून दाखल्यांबरोबर ठेवला.

असो. लेख लांबला. तुमच्या घरात १ जूनवाले किती आहेत, ते जरूर कळवा. आणि आई-वडिलांचे दाखले एकदा काढून नावं जुळतात का ते बघा. जुळत नसतील तर त्या गुरुजींना फार बोल लावू नका.