कोंब फुटण्याचा हुकूम

भिलाईत पॉवर हाऊसच्या बाजारात रात्रपाळी संपवून निघालेला कामगार जिलबीच्या पहिल्या घाण्यासाठी थांबतो. त्या घाण्याचे पीठ आदल्या दिवशी भिजवून, त्याला कालच्या पिठाचे विरजण लावलेले असते आणि पहाटेपर्यंत ते फसफसून वर येते. ही फसफस कोणाची, याचा माग काढायचा तर आपल्याला 1680 सालच्या डेल्फ्टला जावे लागेल. तिथे लेव्हेनहुकने आपल्या भिंगाखाली बिअरच्या गाळातले गोलक पाहिले, पण ते जिवंत असावेत असे त्याला वाटले नाही. पुढे दीडशे वर्षे ते तसेच पडून राहिले. 1837 च्या सुमारास फ्रान्समध्ये कान्यार द ला तूर आणि जर्मनीत श्वान यांनी, एकमेकांवर विसंबून न राहता, या गोलकांना कोंब फुटताना पाहिले. लीबिग आणि व्होलर या बड्या रसायनशास्त्र्यांनी 1839 मध्ये निनावी लेख लिहून त्यांची यथेच्छ टर उडवली. ही थट्टा पाश्चरने मोडून काढेपर्यंत आणखी वीसेक वर्षे गेली.

हे गोलक म्हणजेच यीस्ट, आणि ते जिवंत आहे हे ठरल्यावर प्रश्न बदलला: कोंब फुटायची वेळ कोण ठरवते? 1970 च्या सुमारास सिएटलमध्ये लेलँड हार्टवेलने अशी यीस्टे निवडली, जी 23 अंशांना नीट वाढत आणि 36 अंशांना एकाच टप्प्यावर अडकून बसत. कोंबाचा आकार पाहून पेशी कुठे अडली हे ओळखता येई. त्यातून विभाजनाच्या उंबरठ्याचा, ‘स्टार्ट’चा, शोध लागला. पण उंबरठा सापडला तरी तिथला द्वारपाल सापडायचा होता, आणि तो भलत्याच वाटेने सापडला. केंब्रिजमध्ये लिंडा ब्रीडन आणि किम नॅस्मिथ यीस्टचा लिंगप्रकार पालटणाऱ्या ‘एचओ’ जनुकाच्या मागे होते. 1987 मध्ये त्यांना ते चालू करणारी स्वी4 आणि स्वी6 ही प्रथिने हाती लागली. हे ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर, म्हणजे जनुके वाचायला लावणारे कारभारी. हीच जोडी विभाजन सुरू करणाऱ्या सायक्लिन या प्रथिनांचीही जनुके जागवते, हे 1991 मध्ये कळले. मला या साऱ्या कथेतले हेच वळण सर्वांत मोलाचे वाटते.

2004 मध्ये दोन गटांनी एकाच वेळी दाखवले, की व्ही5 नावाचे प्रथिन स्वी4-स्वी6 ला रोखून धरते. पेशी पुरेशी वाढली की सायक्लिन त्याला बाजूला सारते. माणसाच्या पेशीतही असेच कुलूप असते. त्याचे प्रथिन वंशाने वेगळे, तरी किल्ली फिरवण्याची रीत तीच.

इकडे मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत पी. के. मैत्रा आणि झिटा लोबो यीस्ट साखर कशी पचवते याची जनुके 1970 च्या दशकात उलगडत होते. त्या साखरेशीच आपल्या पिठाचाही संबंध आहे. पिठातली साखर सरत आली की यीस्ट ‘स्टार्ट’च्या अलीकडे थबकते. हलवाई वाटीभर जुने पीठ बाजूला ठेवतो आणि दुपारी ते नव्या मैद्यात कालवतो. साखर मिळताच पेशी फुगू लागतात, व्ही5 केंद्रकातून बाहेर पडते आणि पहिला कोंब डोके वर काढतो.