अंगचे गुण कोण ठरवतो?

डंजन्स अँड ड्रॅगन्स या खेळात चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. प्रत्येकाकडे एका काल्पनिक पात्राचा कागद असतो आणि एक जण पंच होऊन समोर काय घडते आहे ते सांगत जातो. योद्धा, जादूगार, चोर असा पात्राचा पेशा ठरलेला असतो. साहसे पार पडली की अनुभवाचे गुण साठतात आणि पात्राची पातळी चढते. पेशा आणि पातळी यांच्या जोडीला आज आणखी एक गोष्ट असते, तिला फीट म्हणतात. फीट म्हणजे खेळणाऱ्याने स्वतः निवडलेली जादा क्षमता. एक शत्रू पडताच शेजारच्यावर लगेच आणखी एक वार करणे, काळोखात नुसत्या चाहुलीवर लढणे, ही तिची उदाहरणे. खेळाच्या तिसऱ्या आवृत्तीने २००० साली हे नाव आणि ही व्यवस्था आणली, पात्रे त्यामुळे बलवान झाली, असा हा इतिहास सहसा सांगितला जातो. मला तो अपुरा वाटतो. जादा क्षमता या खेळात पहिल्यापासून होत्या. पंचवीस वर्षांत पालटले ते त्या देणारे हात. फासा, पंच आणि पेशा यांच्याकडून तो अधिकार हळूहळू खेळणाऱ्याकडे आला, आणि फीटच्या इतिहासातले खरे मोल या हस्तांतराला आहे.

मूळ खेळ १९७४ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनीव्हा या गावातून निघाला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे कर्ते, आणि दोघेही छोट्या शिशाच्या सैनिकांनी लढाया खेळणाऱ्यांपैकी होते. एका पेटीत तीन पुस्तिका, आणि त्यांत तीनच पेशे: योद्धा, जादूगार आणि धर्मगुरू. दोन योद्ध्यांच्या कागदांत फारसा फरक नसे. फरक पडे तो सापडलेल्या खजिन्याने. जादूची तलवार योद्ध्यालाच वापरता येई आणि काही तलवारींना स्वतःची बुद्धी आणि शक्तीही असत. अशी तलवार हाती आली की योद्ध्याला कोणत्याही नियमाने न दिलेले सामर्थ्य मिळे. मात्र ती तलवार गुहेत ठेवायची की नाही, हे पंचाच्या किंवा खजिन्याच्या तक्त्यावर पडलेल्या फाशाच्या हाती होते. दुसरा मार्गही नशिबाचाच होता. १९७५च्या ग्रेहॉक या पुरवणीपासून योद्ध्याचे बळ तीन फाशांवर पूर्ण १८ आले, तर शंभराच्या फाशाची आणखी एक फेक मिळू लागली. त्यातही सर्वोच्च आकडा पडला तर वार आणि घाव दोन्हींत मोठी भर पडे. तीन फाशांवर १८ येण्याची शक्यता २१६ त एक, आणि पुढच्या फेकीची शंभरात एक, म्हणजे असा पुरुषोत्तम २१,६०० योद्ध्यांत एखादा. मनःशक्तीच्या विद्येचेही तसेच होते. १९७८च्या नियमपुस्तकात ती मिळण्याची मूळ शक्यता शंभरात एक ठेवलेली होती आणि बुद्धी असामान्य असेल तर ती थोडी वाढे. कोणाच्या अंगी काय असावे, हे जन्मवेळीच ठरून जाई. खेळणाऱ्याच्या इच्छेला त्यात जागा नव्हती.

ग्रेहॉकनेच आणखी एक दार उघडले. तिने चोर हा पेशा आणला आणि त्याच्या कसबांचा तक्ता दिला: कुलूप उघडणे, सापळा निकामी करणे, पाऊल न वाजवता चालणे, सावलीत लपणे. हा तक्ता या खेळाच्या इतिहासातला सर्वांत मोठा वळणबिंदू आहे, असे माझे मत आहे. तोवर कोणताही योद्धा चिलखत उतरवून अनवाणी, भिंतीला चिकटून पुढे सरकतो म्हणाला, तर पंच परिस्थिती पाहून निकाल देई. आता तेच कृत्य एका पेशाच्या नावावर लिहिले गेले आणि त्याला आकडाही मिळाला. १९७८च्या पुस्तकात पहिल्या पातळीच्या चोराला आवाज न करता चालण्याची शक्यता १५ टक्के आणि सावलीत लपण्याची १० टक्के होती. त्या कसबावर जगणाऱ्याला १५ टक्के असतील तर चिलखतधारी योद्ध्याला पंच किती देणार? फीटवर नेहमी घेतला जाणारा आक्षेप असा की, एखादी युक्ती कोणाच्या तरी मालकीची म्हणून लिहिली की बाकीच्यांसाठी ती बंद होते. आक्षेपात तथ्य आहे, पण त्याची तारीख चुकते. ती मालकी २००० सालच्या आधी पंचवीस वर्षे सुरू झाली होती, आणि फीटपेक्षा ती कडक होती, कारण योद्ध्याला पुढे कधीही तो तक्ता विकत घेता येत नसे.

पुढची दहा-पंधरा वर्षे ही भिंत थोडी थोडी पाडण्यात गेली. १९७८च्या पुस्तकाने प्रत्येक पात्राला मोजक्या शस्त्रांतले प्रावीण्य निवडायला सांगितले. योद्ध्याला सुरुवातीला चार शस्त्रे, मग दर तीन पातळ्यांना एक नवे. १९८५च्या अनअर्थ्ड आर्केनामध्ये योद्ध्याला एखाद्या शस्त्रात विशेष तरबेज होण्याची मुभा मिळाली: जवळून चालवण्याच्या शस्त्राला वारावर एक आणि घावावर दोन अशी भर. त्याच वर्षी ओरिएंटल अ‍ॅडव्हेंचर्सने शस्त्रांबाहेरची प्रावीण्ये आणली आणि १९८९च्या दुसऱ्या आवृत्तीने त्यांची यादी मुख्य पुस्तकात घेतली, तीही ऐच्छिक म्हणून. इथला पुरावा बारकाईने पाहण्यासारखा आहे. त्या यादीत योद्ध्यांसाठी डोळे झाकून लढणे, तग धरणे, धावणे, माग काढणे ही प्रावीण्ये होती. २००० साली ती चारही फीट झाली. पोहणे, घोडेस्वारी यांसारखी बाकीची प्रावीण्ये वेगळी काढून त्यांची कौशल्ये केली गेली. १९८५ची विशेष शस्त्रावरची भर तर आकड्यांसकट टिकली. वारावरचा एक हा एक फीट झाला आणि घावावरचे दोन हा दुसरा. वंशावळ इतकी स्पष्ट असताना तिसऱ्या आवृत्तीने फीट शून्यातून निर्माण केले, असे म्हणता येत नाही.

यावर दुसरा आक्षेप येऊ शकतो की वंशावळ घरची दिसली तरी बीज बाहेरचे आहे. रूनक्वेस्टने १९७८ सालीच पेशे बाद करून कौशल्यांवर पात्र उभे केले होते. १९८१च्या चॅम्पियन्समध्ये आणि १९८६च्या गर्प्समध्ये खेळणारा ठरावीक गुण खर्चून हवी ती क्षमता घेई. १९८७चा आर्स मॅजिका हा खेळ पात्राला निवडीचे गुण आणि दोष देई, आणि त्याच्या दोन कर्त्यांपैकी जोनाथन ट्वीट पुढे मॉन्टी कुक आणि स्किप विल्यम्स यांच्यासह तिसऱ्या आवृत्तीचे कर्ते झाले. हे ऋण मला मान्य आहे. पण शेजाऱ्याकडची चांगली कल्पना वीस वर्षे डोळ्यांसमोर असून ती नेमकी तेव्हाच मुख्य दारातून का घेतली गेली, हे ऋणाने उलगडत नाही. मला त्याचे कारण खेळण्याच्या पद्धतीत दिसते. सुरुवातीला हा खेळ एका घरात, एका पंचाकडे, वर्षानुवर्षे चाले. तिथे पंचाच्या शब्दावर मिळालेली क्षमता त्या टेबलापुरती खरी असे. पण संमेलने वाढली, १९८० साली खेळणाऱ्यांची आरपीजीए ही संघटना स्थापन झाली, १९८७पासून तिच्या लिव्हिंग सिटी या उपक्रमात एकच पात्र घेऊन लोक अनोळखी पंचांकडे खेळू लागले. २००० साली तिसऱ्या आवृत्तीबरोबरच लिव्हिंग ग्रेहॉक हा त्याहून मोठा उपक्रम सुरू झाला. अशा प्रवासी पात्राला पंचाची मर्जी पुढच्या टेबलावर नेता येत नाही. कागदावर लिहिलेला, सर्वत्र एकच अर्थ असलेला फीट मात्र नेता येतो. तेव्हा फीटला सामर्थ्याची वाढ म्हणण्यापेक्षा अनोळखी माणसांमधला लेखी करार म्हणणे मला जास्त बरोबर वाटते.

१९९७ साली विझर्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने मूळ प्रकाशक टीएसआर विकत घेतली आणि तीन वर्षांनी आलेल्या आवृत्तीत हा करार पूर्ण झाला. प्रत्येक पात्राला, पेशा कोणताही असो, पहिल्या पातळीला एक फीट आणि मग तिसऱ्या, सहाव्या, नवव्या अशा क्रमाने पुढचे. पात्र माणूस असेल तर सुरुवातीला एक जादा. योद्ध्याच्या पेशाचा तर तोच मुख्य वाटा झाला, कारण वीस पातळ्यांत त्याला अकरा फीट वेगळे मिळत. अधिकार कुठवर सरकला होता याची सर्वांत बोलकी खूण जादूच्या वस्तूंची आहे. जुन्या पुस्तकांत जादूची वस्तू घडवणे हा दुर्मीळ उपक्रम होता आणि कोणती दुर्लभ द्रव्ये लागतील ते पंच सांगे. आता काढा बनवणे, अद्भुत वस्तू घडवणे हेही फीट झाले. खर्च ठरलेला: पैसे, दिवस आणि वस्तूच्या मूळ किमतीच्या पंचविसाव्या भागाइतके अनुभवाचे गुण. ज्या खजिन्यातून पंच एकेकाळी सामर्थ्य वाटत होता, तो खजिना घडवण्याचा परवानाच खेळणाऱ्याला मिळाला.

या हस्तांतराची किंमत होती, आणि ती लहान नव्हती. फीटांना पूर्वअटी होत्या आणि त्यांच्या साखळ्या झाल्या. भोवतालच्या सर्व शत्रूंवर एकाच फेऱ्यात वार करण्याच्या फीटसाठी आधी चार फीट लागत, शिवाय चपळता आणि बुद्धी दोन्ही १३. माणूस नसलेल्या, निव्वळ चोराच्या पेशातल्या पात्राचा पाचवा फीट नेहमीच्या क्रमाने बाराव्या पातळीला येई. म्हणजे बाराव्या पातळीचा विचार पहिल्याच दिवशी करावा लागे, आणि वाटेत गोष्ट कुठे गेली याला तिथे महत्त्व उरत नसे. सगळे फीट सारख्या मोलाचेही नव्हते. टफनेस नावाच्या फीटने केवळ तीन प्राणगुण मिळत. बहुतेक वेळा ही सर्वोत्तम निवड ठरत नाही आणि नियमांवर प्रभुत्व मिळवणाऱ्याला फायदा व्हावा ही योजनाच होती, असे मॉन्टी कुक यांनी पुढे एका लेखात स्वतः लिहिले. हा मला त्या आवृत्तीचा खरा दोष वाटतो. अधिकार खेळणाऱ्याला दिला, पण तो नीट वापरण्याचे ज्ञान पुस्तक मुखोद्गत असणाऱ्यांकडेच राहिले.

जुन्या पद्धतीच्या समर्थकांचे म्हणणे याहून मूलभूत आहे. मॅट फिंच यांनी २००८ साली आपल्या छोट्या पुस्तिकेत नियमांपेक्षा पंचाचा निवाडा वर ठेवला आणि तेव्हापासून जुन्या खेळाकडे परतणाऱ्यांचा तो आधार झाला. शत्रूला पाय घालून पाडायचे असेल तर खेळणाऱ्याने ते सांगावे आणि पंचाने ठरवावे. त्यासाठी फीट कशाला? तिसऱ्या आवृत्तीत फीट नसतानाही पाय घालता येत असे. फक्त तसे करताना समोरच्याला आधी आपल्यावर वार करण्याची संधी मिळे. नियमाने मनाई नव्हती, पण जोखीम इतकी की फीट नसलेले कोणी सहसा त्या वाटेला जात नसे. एवढी हानी फिंच यांच्या बाजूने मान्य करायलाच हवी. तरीही निवाड्यावर चालणारा खेळ पंचाच्या गुणवत्तेइतकाच न्याय्य असतो. संकोची, नवखा किंवा पंचाशी ओळख नसलेला माणूस अशा टेबलावर कमी मागतो आणि त्याला कमी मिळते. लेखी क्षमतेला आर्जव करावे लागत नाही, आणि त्या माणसाची बाजू मला या वादात अधिक वजनदार वाटते.

नंतरच्या आवृत्त्यांनी ही ओढाताण संपवली नाही. २००८च्या चौथ्या आवृत्तीने तीस पातळ्यांत अठरा फीट दिले. पण त्यांतले बरेच इतके किरकोळ, आणि अचूकता वाढवणारे काही इतके अपरिहार्य, की खेळणारे त्यांना कर म्हणू लागले. मुभा सक्ती झाली की तिला निवड म्हणता येत नाही. २०१४च्या पाचव्या आवृत्तीने उलट पाऊल टाकले. एकूण बेचाळीस फीट, प्रत्येक भारदस्त, आणि चौथ्या, आठव्या अशा पातळ्यांना मूळ गुण वाढवायचे सोडून ते घ्यायचे. त्यांत नशीबवान होण्याचाही एक फीट होता: रोज तीनदा विसाचा फासा पुन्हा टाकण्याची सवलत. शिवाय सर्वच फीट ऐच्छिक, पंचाची संमती असेल तरच, म्हणजे २००० साली त्याच्या हातून गेलेला होकार त्याला परत दिला गेला. तो फार काळ टिकला नाही. २०२४च्या नियमपुस्तकात फीट पुन्हा सर्वांसाठी मुख्य नियम झाले आणि पहिला फीट पात्राच्या पूर्वायुष्याला जोडला गेला. साहसाला निघण्यापूर्वी ते पात्र व्यापारी होते, सैनिक होते की मठातला सेवक, यावर तो ठरतो, आणि ते पूर्वायुष्य खेळणारा स्वतः निवडतो.