दृष्टान्त, येशूचे : कोरडवाहू मुलखातील वाचन

ख्रिस्ती शास्त्राच्या नव्या करारात, मुख्यतः मत्तय, मार्क आणि लूक यांच्या शुभवर्तमानांत, येशूच्या तोंडी आलेल्या छोट्या कथा आणि उपमा. मोजण्याच्या पद्धतीप्रमाणे त्यांची संख्या तीस ते चाळीसच्या आसपास भरते. त्यांतली माणसे राजवाड्यातली थोडी आणि शिवारातली जास्त आहेत : पेरणारा, रोजाने लावलेले मजूर, मेंढपाळ, वाटणी मागणारा मुलगा, कर्जात बुडालेला नोकर. त्यामुळे या कथा शेतीवर जगणाऱ्या माणसाला चटकन कळतात असे म्हटले जाते. हे अर्धे खरे आहे. शेती ओळखीची असल्याचा खरा उपयोग वेगळा आहे. कथा नेहमीच्या व्यवहाराला सोडून कुठे वागते, ते जाणत्या शेतकऱ्याच्या लगेच ध्यानात येते आणि दृष्टान्ताची शिकवण बहुधा त्याच खटकणाऱ्या जागी असते. १ मे १९९९ रोजी परभणीपासून वेगळ्या झालेल्या हिंगोली जिल्ह्यात ख्रिस्ती वस्ती अगदी थोडी आहे. पण सोयाबीन, कापूस, तूर, हळद आणि रोजमजुरी यांवर चालणारा हा मुलूख या कथा तपासून पाहायला फार योग्य आहे.

मराठी श्रोत्याला दृष्टान्त नवे नाहीत. महानुभाव पंथाच्या चक्रधरांचे ११४ दृष्टान्त केसोबासांनी ‘दृष्टान्तपाठा’त संकलित केले. सूत्र, दृष्टान्त आणि दार्ष्टान्तिक अशी त्याची तिपेडी मांडणी आहे. म्हणजे कथेचा रोख कुठे लागतो हे तिथे सांगितलेले असते. येशूच्या कथांत पेरणाऱ्यासारखे मोजके अपवाद सोडले तर दार्ष्टान्तिक नाही. ती रिकामी जागा भरण्याचा मोह शतकानुशतके झाला. लुटल्या गेलेल्या वाटसरूला धर्मशाळेत नेणाऱ्या चांगल्या शोमरोन्याच्या कथेत ऑगस्टीन या प्राचीन धर्मपंडिताने धर्मशाळा म्हणजे चर्च आणि शोमरोनी म्हणजे ख्रिस्त, असा प्रत्येक तपशिलाला अर्थ लावला. १८८८ मध्ये आडोल्फ युलिशर या जर्मन अभ्यासकाने या पद्धतीवर घाव घातला आणि एका दृष्टान्ताचा एकच मुख्य मुद्दा असतो असे मांडले. पुढे अभ्यासक सी. एच. डॉड यांनी १९३५ मध्ये या कथा येशूच्या काळातील प्रसंगांत ठेवून वाचल्या. मराठीत या शास्त्राची परंपरा गोव्यात फादर स्टीफन्स यांच्या १६१६ च्या ‘क्रिस्तपुराणा’पासून ना. वा. टिळकांनी आरंभलेल्या आणि त्यांच्यानंतर लक्ष्मीबाईंनी पुढे नेलेल्या ‘ख्रिस्तायना’पर्यंत ओवीच्या वळणाची आहे. जोतीराव फुल्यांनी तर ‘गुलामगिरी’त (१८७३) येशूला बळीराजाच्या मालिकेत बसवले. म्हणजे चर्चच्या बाहेरचा मराठी वाचकही या व्यक्तिरेखेकडे शेतकऱ्याच्या नजरेने पाहत आला आहे.

पेरणाऱ्याचा दृष्टान्त (मार्क ४, मत्तय १३, लूक ८) घेऊ. पेरणारा बी टाकत जातो. काही वाटेवर पडते आणि पाखरे टिपतात, काही खडकाळ जागी उगवून करपते, काही काटेरी झुडपांत गुदमरते, आणि उरलेले चांगल्या जमिनीत तीसपट, साठपट, शंभरपट येते. तिफणीवर ज्याची हयात गेली त्याला पहिल्याच वाक्याला प्रश्न पडतो. चाड्यावर मूठ धरून नळ्यांतून बी सोडणारा माणूस पांदणीवर दाणा कसा सांडेल? बरड तुकडा कुठे आहे हे त्याला ठाऊक असते. धुऱ्याजवळ आले की मूठ आवळली जाते. बियाण्याची पिशवी विकत आणून, वर दुबार पेरणीची धास्ती घेऊन जो शेतात उतरतो, त्याला या पेरणाऱ्याचा सढळपणा बेफिकिरीसारखा वाटेल. अनेक प्रवचनांत हा मुद्दा येतच नाही. तिथे भर असतो तो श्रोत्याने चांगली जमीन व्हावे यावर. शुभवर्तमानात पुढे दिलेला उलगडाही जमिनीविषयीच आहे आणि तो बाजूला सारता येणार नाही. पण तो उलगडा पेरणाऱ्याच्या हाताविषयी काही सांगत नाही, आणि कथा तर त्या हातापासून सुरू होते.

इथे एक आक्षेप वजनदार आहे. पॅलेस्टाईनमध्ये बी फोकून पेरत आणि नांगरणी त्यानंतर करत, असे अभ्यासक योआखिम येरेमियास यांनी मांडले. तसे असेल तर वाटेवर बी पडणे ही रोजचीच गोष्ट ठरते आणि हिंगोलीच्या शेतकऱ्याला वाटलेले आश्चर्य हा निव्वळ अवजाराच्या फरकाचा परिणाम ठरतो. नांगरणी आधी की नंतर यावर अभ्यासकांत मतभेद आहेत, पण फोकून पेरण्याची रीत होती हे मान्यच करावे लागते. म्हणून आपल्या शेताने उभा केलेला प्रश्न त्या काळाच्या शेतीवर घासून घ्यावा लागतो. तसा घासला की खटकणारी जागा सरकते आणि पिकाच्या आकड्यापाशी येते. एकरी तीस किलो बियाणे टाकून नऊ क्विंटल सोयाबीन झाले तर ते तीसपट होते, आणि ते साल बरे म्हणायचे. ज्वारीला मात्र चार किलो बियाण्यात आठ क्विंटल म्हणजे दोनशेपट सहज होते. हिशेब पिकावर ठरतो. त्या मुलखाचे मुख्य धान्य गहू आणि सातू. तिथे शंभरपट हा आकडा कसा ऐकला जाई याचा पुरावा शास्त्रातच सापडतो. उत्पत्तीच्या २६ व्या अध्यायात इसहाकाला शंभरपट पीक येते आणि ते देवाच्या आशीर्वादाचे फळ म्हणून नोंदले आहे. एवढी नासाडी होऊनही असे पीक येते, हा कथेचा धक्का आहे. शिक्षक, आई-बाप, कार्यकर्ते यांना यातून रोजच्या जगण्यासाठी थेट काही मिळते : ऐकणारा कोणत्या जमिनीचा आहे हे आधीच ठरवून मूठ आवळू नये.

खटकणारी जागा ओळखण्याची दुसरी कसोटी अधिक भक्कम आहे. पुष्कळदा कथेतच कोणीतरी कुरकुरतो. तिथे खटकणारी जागा वाचकाने शोधायची गरज नसते, कथाच ती दाखवते. मत्तयच्या २० व्या अध्यायातला मळ्याचा धनी पहाटे मजूर लावतो, मग नऊला, बाराला, तीनला आणि शेवटी पाच वाजता. पहाटेच्यांशी एक दीनार ठरलेला आहे, आणि तो त्या काळचा दिवसाचा रोज. संध्याकाळी सर्वांच्या हातावर दीनारच पडतो. संध्याकाळीच, कारण जुन्या करारातील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या २४ व्या अध्यायात गरीब मजुराचा रोज सूर्य मावळण्याआधी देण्याची आज्ञा आहे. कारभाऱ्याला सांगितले जाते की शेवटच्यांपासून वाटप कर. हा बारकावा महत्त्वाचा आहे. पहिल्यांना आधी दिले असते तर ते पैसे घेऊन घरी गेले असते, तंटाच झाला नसता. त्यांनी हे पाहावे अशीच धन्याची इच्छा आहे. ते पाहतात आणि दिवसभर ऊन सोसल्याचा हिशेब मांडतात. हळद काढणीच्या दिवसांत गुत्त्याने किंवा रोजाने गेलेल्या कोणत्याही टोळीने नेमके हेच म्हटले असते, आणि त्यात वावगे काही नाही.

असे केले तर दुसऱ्या दिवशी पहाटे कामावर कोण येईल, हा इथला रास्त आक्षेप. त्याचे उत्तर असे की दृष्टान्त स्वर्गाच्या राज्याविषयी आहे, मजुरीचे दरपत्रक ठरवत नाही. शिवाय पहाटेच्या मजुरांचा एक पैसाही बुडालेला नाही. पण एवढ्यावर थांबणे म्हणजे कथेची धार काढून घेणे. पाच वाजता धनी विचारतो की दिवसभर इथे का उभे राहिलात, तेव्हा मजूर सांगतात की कोणी कामावरच लावले नाही. आळसाचा आरोप कथा तिथेच खोडते. अड्ड्यावर उशिरापर्यंत उभ्या राहिलेल्या माणसाच्या घरीही चूल पूर्ण दिवसाचीच असते. १९७२ च्या दुष्काळाच्या अनुभवातून महाराष्ट्राने १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा केला, त्यामागची एक जाण हीच आहे की काम न मिळणे हा मजुराचा गुन्हा नव्हे. कायदा आणि दृष्टान्त यांचे क्षेत्र वेगळे आहे. ती जाण मात्र दोन्हीकडे दिसते.

साम्य दिसले की तिथेच थांबू नये, हे सांगायला याच जिल्ह्यातले उदाहरण पुरेसे आहे. नर्सी हे परंपरेने नामदेवांचे जन्मगाव. औंढा नागनाथाच्या देवळात विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून निजले होते. नामदेवांनी हरकत घेतली तेव्हा जिथे देव नाही तिथे माझे पाय ठेव असे विसोबा म्हणाले, अशी आख्यायिका आहे. योहानाच्या चौथ्या अध्यायात विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीला येशू सांगतो की उपासना ना या डोंगरावर अडणार, ना यरुशलेमात. दोन्ही प्रसंग स्थळाचा हट्ट मोडतात, आणि औंढ्याची कथा ज्याला पाठ आहे तो योहानाचा हा अध्याय लवकर पकडतो. पण विसोबांचा रोख देव सर्वत्र भरला आहे याकडे आहे, तर येशू त्याच संवादात तारण यहूद्यांतून येते असे म्हणतो आणि आपण मसीहा असल्याचे उघड करतो. इतिहासातल्या एका विशिष्ट व्यक्तीशी जोडलेला हा दावा सर्व संतांचे म्हणणे एकच, या सोयीच्या वाक्यात मावत नाही. तो मान्य करणे न करणे वाचकाच्या श्रद्धेचा प्रश्न आहे. पण तो झाकून वाचणे दोन्ही परंपरांवर अन्याय करणारे आहे.

लूकच्या १५ व्या अध्यायातला धाकटा मुलगा बाप जिवंत असताना वाटणी मागतो. सातबाऱ्यावरून भावाभावांत बोलणे तुटलेले ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या मागणीतला घाव समजावून सांगावा लागत नाही. सगळे उडवून परतलेल्या त्या पोरासाठी बाप धावत जातो आणि जेवणावळ घालतो. शेतातून आलेला थोरला रुसून बाहेर उभा राहतो आणि बाप त्याचीही समजूत घालायला बाहेर येतो. पुन्हा कुरकुर, आणि पुन्हा ती कष्टाळू, नेकीने वागलेल्या माणसाची. थोरला आत गेला की नाही हे लूक सांगत नाही. हा अध्याय सुरू होतो तोही परूशी आणि शास्त्री यांच्या कुरकुरीने : हा माणूस पाप्यांच्या पंगतीला बसतो, अशी त्यांची तक्रार आहे. म्हणून नव्याने वाचणाऱ्याने सुट्या कथांच्या पुस्तिकेवरून सुरुवात करू नये. शुभवर्तमान हातात घ्यावे, दृष्टान्ताच्या आधीची चार-सहा वचने वाचावीत, आणि तिथे कोण कुरकुरतो आहे ते आधी पाहावे.