अंगणात गेलेली शाळा

शिक्षक तयार करायचा म्हणजे त्याला ट्रेनिंग कॉलेजात धाडायचे, असे आपण धरून चालतो. ताराबाई मोडकांनी मात्र त्याला पाड्यावर धाडले.

ताराबाई मुंबईत जन्मलेल्या, मराठी. पण बालशिक्षणाचे धडे त्यांनी गिरवले भावनगरला, गिजुभाई बधेकांसोबत, गुजराती मुलांत. परक्या भाषेत शिकवणे म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकातून कळले नव्हते.

१९४५ साली त्यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ तिथेच येऊन मिळाल्या. पाड्यावरची वारली मुले काही शाळेत येईनात. तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात गेली. 'अंगणवाडी' हे नाव त्यातलेच. १९७५ नंतर ते देशभर झाले. माँटेसरीची महागडी साधने खेड्यात कुठून आणायची? शिंपले, बिया, पाने हीच साधने झाली.

पण खरी अडचण साधनांची नव्हतीच. मूल घरी वारली बोलणार, बाई बोलणार पुस्तकी मराठी. "असं नाही, नीट बोल," म्हटले की मूल गप्प. आणि गप्प बसलेल्या मुलाला अक्षर शिकवणार कसे? मुलांना न्हाऊ घालणे, केस विंचरणे हेही तिथे शिक्षिकेचेच काम होते. मला वाटते, खरे ट्रेनिंग ते. हात चालत असता कान तयार होतो.

१९५७ साली काम कोसबादच्या टेकडीवर गेले. गुरे राखणाऱ्या पोरांसाठी तिथे कुरणशाळा निघाली. गुरे चरतील तिकडे मुले, आणि मुलांमागून गुरुजी!