कानात सतत शिट्टी वाजतेय? टिनिटसचं कारण कसं शोधतात आणि ते सापडलंच नाही तर काय?

रात्री अचानक लाइट जातात. पंखा थांबतो, सगळीकडे शांतता होते आणि नेमकी तेव्हाच कानात बारीक शिट्टी ऐकू येऊ लागते. आधी वाटतं, शेजारच्यांचा इन्व्हर्टर असेल. मग वाटतं, बाहेर रातकिडे किरकिरत असतील. खिडकी लावून घेतली तरी आवाज तसाच. घरातल्यांना विचारलं तर उत्तर येतं, "कसला आवाज? आम्हाला तर काहीच ऐकू येत नाहीये."

बाहेर कुठेही नसलेला, पण फक्त आपल्यालाच ऐकू येणारा हा आवाज म्हणजे टिनिटस. आयुर्वेदात याला कर्णनाद म्हणतात. सुश्रुतसंहितेत कानाचे २८ रोग सांगितले आहेत, त्यात याचाही समावेश आहे. म्हणजे हा त्रास हेडफोनच्या जमान्यात जन्मलेला नाही.

अनेकांचा पहिला प्रश्न असतो, "हे मला का झालं?" त्याचं उत्तर शोधणं गरजेचं आहे, कारण काही वेळा या आवाजामागे वेळीच उपचार लागणारा आजार असतो. पण कारण शोधण्याच्या नादात अनेकांची वर्षं आणि पैसे खर्ची पडतात, हेही खरं आहे. शोध कुठून सुरू करायचा आणि कुठे थांबवायचा, ते समजून घेऊया.

टिनिटस म्हणजे नेमकं काय?

टिनिटस हा स्वतंत्र आजार नाही, ते लक्षण आहे. जसा ताप वेगवेगळ्या कारणांनी येतो, तसंच याचंही आहे. कुणाला शिट्टी ऐकू येते, कुणाला गुणगुण, कुणाला शंख कानाला लावल्यासारखी समुद्राची गाज, तर कुणाला जुन्या रेडिओची खरखर. आवाज एका कानात असू शकतो, दोन्ही कानांत असू शकतो किंवा डोक्याच्या मध्यभागी आल्यासारखा वाटतो.

'जामा न्यूरॉलॉजी' या वैद्यकीय नियतकालिकात २०२२ साली जगभरातल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यानुसार सुमारे १४ टक्के प्रौढांना टिनिटसचा अनुभव येतो. ही संख्या ७४ कोटींहून जास्त होते. त्यातल्या १२ कोटींहून जास्त लोकांसाठी ही गंभीर समस्या आहे.

याचा दुसरा अर्थ असा की बहुतेकांना आवाज येतो, पण त्यामुळे आयुष्य विस्कटत नाही.

पूर्ण शांततेत तर हा अनुभव जवळपास कुणालाही येऊ शकतो. १९५३ साली हेलर आणि बर्गमन या संशोधकांनी चांगलं ऐकू येणाऱ्या ८० जणांना आवाजबंद खोलीत बसवलं होतं. त्यातल्या सुमारे ९४ टक्के लोकांनी कसला ना कसला आवाज ऐकू आल्याचं सांगितलं.

आवाज बाहेर नाही, मग येतो कुठून?

आपल्या अंतर्कर्णात गोगलगायीच्या शंखासारखा एक भाग असतो, त्याला कॉक्लिया म्हणतात. प्रत्येक कॉक्लियात साधारण १५ हजार केसपेशी असतात. बाहेरून आलेल्या ध्वनिलहरींचं विद्युतसंदेशात रूपांतर करून तो मेंदूकडे पाठवण्याचं काम या पेशी करतात. मोठा आवाज, वय किंवा काही औषधांमुळे त्या मरतात. माणसाच्या शरीरात त्या पुन्हा उगवत नाहीत.

एखाद्या पट्टीतले संदेश येणं कमी झालं की मेंदू गप्प बसत नाही. रेडिओवर स्टेशन नीट लागत नसेल तर आपण आवाज वाढवतो आणि गाण्याऐवजी खरखरच मोठी होते. मेंदूही साधारण तसंच करतो. पाय कापावा लागलेल्या माणसाला नसलेल्या पायाची बोटं दुखल्यासारखी वाटतात, त्यातलाच हा प्रकार. म्हणूनच काही रुग्णांमध्ये शस्त्रक्रियेत कानाची नस कापली गेल्यावरही हा आवाज थांबत नाही.

कारणं कोणकोणती असू शकतात?

साध्या कारणांपासून सुरुवात करू.

कानातला मळ: मळ घट्ट होऊन पडद्यापाशी बसला तरी आवाज येऊ शकतो. तो डॉक्टरांकडून काढून घेतला की त्रास थांबतो. पिन, काडी किंवा इअरबडने कान कोरल्यास मळ उलट आत ढकलला जातो. लसूण घालून गरम केलेलं तेलही कानात टाकू नये. पडद्याला छिद्र असेल तर ते थेट आत जातं.

मोठा आवाज: कारखान्यातली यंत्रं, फटाके, डीजेच्या भिंती, कानठळ्या बसवणारे ढोल आणि तासन् तास लावलेले इअरफोन. कोल्डप्ले बँडचा गायक क्रिस मार्टिन याने आपल्याला टिनिटस असल्याचं जाहीरपणे सांगितलंय. किशोरवयात फार मोठ्या आवाजात संगीत ऐकल्यामुळे हे झालं, असं त्याचं म्हणणं आहे.

वय: साठीनंतर ऐकू येणं हळूहळू कमी होतं आणि त्यासोबत अनेकांना टिनिटस सुरू होतो.

औषधं: जास्त मात्रेतली ॲस्पिरिन, क्विनाइन, जेंटामायसिन आणि अमिकासिनसारखी काही अँटिबायोटिक्स, कॅन्सरवरचं सिस्प्लॅटिन. यातलं काही सुरू केल्यावर आवाज येऊ लागला, तर ते डॉक्टरांना लगेच सांगावं. औषध मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नये.

कानाचे आजार: मधल्या कानातला संसर्ग, मधल्या कानातलं हाड जखडणारा ओटोस्क्लेरोसिस, किंवा चक्कर, कान जड होणं आणि कमी ऐकू येणं अशा झटक्यांनी येणारा मेनिएरचा आजार.

जबडा आणि मान: दात कचकन आवळले किंवा मान वळवली की काहींचा आवाज बदलतो. झोपेत दात खाण्याची सवय, जबड्याच्या सांध्याचं दुखणं किंवा मानेचे स्नायू आखडणं याचा त्यात वाटा असू शकतो.

डॉक्टर काय तपासतात?

पहिली भेट कान-नाक-घसा तज्ज्ञांची, म्हणजे ईएनटी डॉक्टरांची. ते दुर्बिणीने कान पाहतात आणि बरेच प्रश्न विचारतात. आवाज कधी सुरू झाला? एका कानात की दोन्ही? सलग की नाडीसारखा ठोक्यांचा? त्याआधी मोठा आवाज, सर्दी, डोक्याला मार, नवीन औषध असं काही झालं होतं का? याची उत्तरं आधीच कागदावर लिहून नेली तर निदान सोपं जातं.

त्यानंतर ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची चाचणी होते. मधल्या कानाचा दाब तपासला जातो. गरजेप्रमाणे रक्तदाब, हिमोग्लोबिन आणि थायरॉइड पाहतात. मुंबईत वांद्रे इथे अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्था आहे. श्रवणदोषांवर काम करणारी ही केंद्र सरकारची संस्था आहे.

मग एमआरआयचं काय? तो सगळ्यांना लागत नाही. अमेरिकेतल्या ईएनटी तज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ साली दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार आवाज एकाच कानात असेल, नाडीच्या ठोक्यांसोबत येत असेल, दोन कानांच्या ऐकण्यात फरक असेल किंवा मेंदूशी संबंधित लक्षणं असतील, तरच स्कॅन करावा. सरसकट करू नये.

कोणती लक्षणं दिसली तर अजिबात थांबू नये?

एका किंवा दोन्ही कानांनी अचानक, काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत कमी ऐकू येऊ लागलं, तर ती तातडीची वेळ समजावी. अशा वेळी अनेकदा कान बंद झाल्यासारखा वाटतो आणि आवाजही सुरू होतो. "सर्दीमुळे दडा बसला असेल" म्हणत लोक आठवडे घालवतात. पण यावरचे स्टेरॉइडचे उपचार जितके लवकर, शक्यतो पहिल्या दोन आठवड्यांत, सुरू होतील तितका फायदा होण्याची शक्यता जास्त. गायिका अलका याज्ञिक यांनी जून २०२४ मध्ये, विमानातून उतरताना अचानक ऐकू येणं बंद झाल्याचं इन्स्टाग्रामवर सांगितलं, तेव्हा या त्रासाची देशभर चर्चा झाली होती.

आवाज हृदयाच्या ठोक्यांच्या तालात येत असेल, तर रक्तवाहिन्या तपासाव्या लागतात. कधी ॲनिमिया किंवा थायरॉइड निघतो, कधी मेंदूभोवतीचा वाढलेला दाब, तर कधी रक्तवाहिनीतला दोष. आवाज कायम एकाच कानात असेल, तर कानाच्या नसेवर गाठ नाही ना, हे पाहतात. ही गाठ दुर्मीळ असते आणि सहसा कॅन्सरची नसते. तरी ती वेळेत कळलेली बरी.

चेहरा वाकडा होणं, बोलताना अडखळणं, सगळं गरगरणं किंवा डोक्याला मार लागल्यानंतर सुरू झालेला आवाज, यातलं काहीही असेल तर थेट हॉस्पिटल गाठावं.

रिपोर्ट नॉर्मल, आवाज मात्र सुरूच. असं का?

सगळ्यात जास्त घुसमट होते ती इथे. सगळे रिपोर्ट नॉर्मल येतात. घरचे म्हणतात, "बघ, काहीच झालेलं नाही." आणि कानातली शिट्टी मात्र थांबलेली नसते.

रिपोर्ट नॉर्मल आले म्हणजे माणूस खोटं बोलतोय किंवा त्याच्या मनाचे खेळ आहेत, असं नसतं. नेहमीची ऑडिओमेट्री साधारण २५० ते ८००० हर्ट्झ इतक्याच पट्ट्या तपासते. त्यावरच्या पट्टीतली हानी त्यात दिसत नाही. शिवाय २००९ साली कुजावा आणि लिबरमन या संशोधकांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगात एक महत्त्वाची गोष्ट समोर आली. मोठ्या आवाजानंतर ऐकण्याची पातळी पूर्ववत झाली, पण केसपेशी आणि नसा यांना जोडणारे दुवे कायमचे तुटलेले होते. माणसांमध्येही असं घडत असावं आणि काहींच्या टिनिटसचं मूळ तिथे असावं, असं अनेक संशोधकांना वाटतं.

म्हणजे "कारण सापडलं नाही" याचा अर्थ बहुतेकदा इतकाच, की धोकादायक कारणं तपासली गेली आणि ती नाहीत. ही खरं तर चांगली बातमी असते.

संगीतकार बीथोव्हेनने १८०१ साली आपल्या डॉक्टर मित्राला पत्रातून कळवलं होतं, की त्याच्या कानात रात्रंदिवस गुणगुण सुरू असते. २०२३ साली शास्त्रज्ञांनी त्याच्या जतन केलेल्या केसांतून डीएनए मिळवून तपासला. यकृताच्या आजाराचे धागेदोरे मिळाले, पण बहिरेपणाचं खात्रीचं कारण त्यातही सापडलं नाही.

यावर औषध आहे का?

टिनिटस हमखास घालवणारी गोळी आजवर सापडलेली नाही. जिंकगो, झिंक किंवा मेलाटोनिनच्या गोळ्या यासाठी देऊ नयेत, असं त्याच २०१४ च्या सूचनांमध्ये म्हटलंय. 'सात दिवसांत कानातला आवाज बंद' अशा रील्सपासून म्हणूनच लांब राहिलेलं बरं.

पण "आता याच्यासोबतच जगायला शिका" एवढं ऐकून हात हलवत परत यावं, अशीही परिस्थिती नाही.

ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्राने अनेकांना दुहेरी फायदा होतो. बाहेरचे आवाज पुन्हा ऐकू येतात आणि आतला आवाज मागे पडतो. दुसरा उपाय म्हणजे सीबीटी ही समुपदेशनाची पद्धत. कोक्रेन संस्थेने २०२० साली २८ अभ्यासांचा आढावा घेतला, त्यात २,७३३ जण सहभागी होते. सीबीटीमुळे टिनिटसचा रोजच्या जगण्यावर होणारा परिणाम कमी होऊ शकतो, असा त्याचा निष्कर्ष आहे. सीबीटीचा भर आवाज घालवण्यावर नसतो. त्याची धास्ती कमी करण्यावर असतो.

रेल्वे रुळालगत राहणाऱ्यांकडे पाहुणे आले की त्यांना रात्रभर झोप लागत नाही. घरच्यांना मात्र लोकल कधी गेली तेही कळत नाही. लोकलचा आवाज कमी झालेला नसतो. तो धोक्याचा नाही हे मेंदूने मान्य केलेलं असतं. टिनिटसच्या बाबतीतही हेच साधायचं असतं आणि त्याला काही महिने लागू शकतात.

रोजच्या जगण्यात काय करता येईल?

पूर्ण शांतता टाळा. झोपताना पंखा किंवा पावसाचा आवाज हळू लावून ठेवा. टिनिटस पूर्ण झाकला जाईल इतका मोठा नको.

सारखं "आता येतोय का?" म्हणून तपासू नका. डॉक्टरांसाठी एकदा नोंद केली की वही बंद करा. रोजच्या मोजदादीने लक्ष तिकडेच राहतं.

गोंगाटात इअरप्लग वापरा, पण घरातल्या साध्या आवाजात कान झाकून बसू नका. त्याने कान आणखी हळवे होतात.

इअरफोनचा आवाज आवरा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत सुरक्षित असतो. ९० डेसिबलला ही मर्यादा फक्त ४ तासांवर येते.

चहा-कॉफी सोडल्याने टिनिटस थांबतो, असा ठोस पुरावा नाही. झोप उडत असेल तर संध्याकाळनंतरची कमी करा, तेवढं पुरे.

झोप न लागणं, चिडचिड, निराशा वाढत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. आयुष्य नकोसं वाटत असेल तर 'टेलिमानस' या सरकारी हेल्पलाइनवर १४४१६ या क्रमांकावर कधीही बोलता येतं. ही सेवा मोफत आहे आणि मराठीतही मिळते.

आणि घरात कुणी "कानात आवाज येतोय" म्हणत असेल, तर त्याला वेड्यात काढू नका. तो आवाज तुम्हाला ऐकू येणार नाही, पण त्याच्यासाठी तो खरा आहे.

(हा लेख केवळ माहितीसाठी आहे. निदान आणि उपचारांसाठी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.)