निस्सीम म्हणजे किती?

बँकेत कारकुनी करणाऱ्या माणसाला नावांचं भारी वेड असतं असं लोकांना वाटतं. प्रत्यक्षात आमच्याइतका नावांच्या बाबतीत अरसिक प्राणी शोधून सापडायचा नाही. नावाचा अर्थ काय, याच्याशी आम्हाला कर्तव्य नसतं. ते आधार कार्डावर आणि पासबुकावर सारखं आहे की नाही, एवढंच आम्ही बघतो. किमान शिल्लक नाही म्हणून कुबेर नावाच्या गृहस्थांना दंड लावताना आमचा हात कधी थरथरला नाही.

तरीही एका नावानं मला पकडलं. ते नाव म्हणजे निस्सीम.

आमच्या एका जुन्या साहेबांचं मराठी पक्कं होतं. ते म्हणायचे, ‘निस्सीम म्हणजे सीमा नसलेला. अशा माणसाला ओव्हरड्राफ्ट देताना विचार करावा.’ संस्कृतच्या हिशेबानं साहेबांचं बरोबर होतं. निस्सीम भक्ती, निस्सीम प्रेम असं आपण म्हणतोच. (निस्सीम कर्ज असं मात्र कोणी म्हणत नाही, ते नुसतं असतं.) पण ज्या निस्सीमबद्दल मी बोलतोय, तो संस्कृतातून आलेला नाही. तो हिब्रूतला आहे, आणि त्या भाषेत त्याचा अर्थ आहे ‘चमत्कार’. तोही एक नव्हे, अनेक. एकवचन ‘नेस’, अनेकवचन ‘निस्सीम’. त्यात भर म्हणून आपल्याकडे नसीमही आहे. ते अरबीतून उर्दूत आलेलं नाव, अर्थ वाऱ्याची झुळूक. म्हणजे एकाच रांगेत सीमा नसलेला, चमत्कार आणि झुळूक असे तिघे उभे राहिले, तर काउंटरवरच्या माणसानं कोणाला हाक मारली हे देवालाच ठाऊक.

गंमत म्हणजे ‘नेस’चा जुना अर्थ चमत्कार नव्हताच. बायबलात ‘नेस’ म्हणजे उंच काठीवर उभारलेलं निशाण. अमालेकी लोकांवर विजय मिळाल्यावर मोशेनं वेदी बांधली आणि तिला नाव दिलं ‘परमेश्वर माझा झेंडा’. त्यात हा ‘नेस’ आहे. वाळवंटात साप चावलेल्या लोकांनी बघावं म्हणून मोशेनं पितळेचा साप उभारला, तोही ‘नेस’वरच. पुढं रब्बींच्या काळात निशाणाचा अर्थ खूण असा झाला आणि खुणेचा चमत्कार. आपणही काठीला वस्त्र बांधून गुढी उभारतो, तेव्हा हा प्रवास आपल्याला फार परका वाटू नये.

हिब्रूत प्रत्येक अक्षराला आकडा असतो, हे कळल्यावर तर मी त्या भाषेच्या प्रेमातच पडलो. बी.कॉम. झालेल्या माणसासाठीच जणू ती लिपी केलेली. नून म्हणजे ५०, सामेख ६०, योद १०, मेम ४०. एकूण निस्सीम बरोबर १६०. साहेबांना सांगायला हवं होतं की सीमा आहे, फक्त ती तुमच्या कोशात नाही.

आता या नावाचा इतिहास. निस्सीम हे बायबलात माणसाचं नाव म्हणून येत नाही. अब्राहाम, मोशे, दावीद यांच्यासारखा त्याला मूळपुरुष नाही. मध्ययुगात ते पुढं आलं, आणि आलं ते विद्वानांच्या डोक्यावर बसून. अकराव्या शतकात ट्युनिसियातल्या कैरवान शहरी रब्बी निस्सीम बेन याकोब होऊन गेले. दुःखात असलेल्या एका नातलगाच्या सांत्वनासाठी त्यांनी गोष्टींचं एक पुस्तक लिहिलं. आपण अशा वेळी ‘धीर धरा’ म्हणतो आणि चहा घेऊन निघतो. चौदाव्या शतकात स्पेनच्या कॅटलोनियात दुसरे निस्सीम झाले, गेरोनाचे. तालमुदाचे मोठे भाष्यकार. ‘रब्बेनू निस्सीम’ या शब्दांची आद्याक्षरं जोडून लोक त्यांना ‘रान’ म्हणतात. मराठी माणसानं हे नाव पूर्ण वाचलं तर त्याच्या डोळ्यांपुढं सीमा नसलेलं रान उभं राहायचं.

पुढं बगदाद, इस्तंबूल, सालोनिका, मोरोक्को या बाजूच्या ज्यूंमध्ये निस्सीम रुळलं. पोलंड-रशियाकडच्या ज्यूंमध्ये ते क्वचित. सफार्दी घराण्यांत आजोबांचं नाव नातवाला ठेवायची चाल आहे, आणि आजोबा हयात असले तरी चालतं. आपल्याकडेही घरोघर असे दोन-दोन दत्तात्रय असायचे. यातून बँकेला काय त्रास होतो ते मी सांगत नाही, पण नाव टिकतं हे खरं.

अशाच एका नावाची गोष्ट माझ्या व्यवसायाशी जवळची आहे. इस्तंबूलचं कामोंडो घराणं मोठं सावकारी घराणं. त्यांची पेढी १८०२ सालची. पुढं मंडळी पॅरिसला गेली. मोईझ द कामोंडो यांच्या वडिलांचं नाव निस्सीम, म्हणून मुलाचंही निस्सीम. हा मुलगा पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या बाजूनं विमानातून लढला आणि १९१७ साली मारला गेला. वय पंचवीस. बापानं धंद्यातून अंग काढलं. जमवलेल्या उत्तमोत्तम वस्तूंसह राहतं घर त्यानं फ्रान्स देशाला देऊन टाकलं, मात्र नाव मुलाचं द्यावं असं सांगून. १९३५ साली तो वारला. आजही पॅरिसमध्ये ते निस्सीम द कामोंडो संग्रहालय म्हणून आहे. एवढं देऊनही त्या देशात त्याच्या मुलीला जागा उरली नाही. दुसऱ्या महायुद्धात ती, तिचा नवरा आणि दोन्ही मुलं आउश्वित्झला नेली गेली आणि संपली. बँकेच्या भाषेत सांगायचं तर सगळी ठेव भरूनही खातं गोठवलं. ‘चमत्कार’ असं नाव दारावर आहे, आणि आत राहणारं कोणी नाही.

आपल्याकडे, म्हणजे कोकणात, कथा उलटी आहे. बेने इस्राएलांची परंपरा सांगते की नवगावच्या किनाऱ्याजवळ जहाज फुटलं आणि सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या. धर्मग्रंथ बुडाले, ‘शेमा’ प्रार्थना तेवढी तोंडपाठ राहिली. मंडळींनी तेलाचा घाणा धरला, शनिवारी तो बंद ठेवला, आणि गावानं त्यांना शनवार तेली म्हटलं. आडनावं दिवेकर, पेणकर, किहीमकर. नावंसुद्धा इतकी कोकणी झाली की ओळखू येऊ नयेत. १७९६ साली मुंबईत मांडवीला पहिलं सिनेगॉग बांधणारे सॅम्युएल एझिकेल दिवेकर हे घरी सामाजी हसाजी होते.

आणि मग १९६२ साल उजाडलं. इस्राएलला गेलेल्या याच लोकांबद्दल तिथल्या धर्मपीठानं विवाह नोंदणाऱ्यांना सूचना काढली. बेने इस्राएल मुलगा किंवा मुलगी इतर ज्यू घरात लग्न करत असेल, तर आई, आजी, पणजी असं जमेल तितकं मागं जाऊन कुळ तपासा. आदल्याच वर्षी लग्नांना हरकत नाही असा निर्णय झाला होता, पण अटी मागाहून आल्या. अटी मागाहून येतात हे बँकवाल्याला शिकवायला नको. घाण्यावर बसणाऱ्या पणजीचा दाखला आणायचा कुठून? समुद्राकडून? त्या वेळचे सफार्दी मुख्य रब्बी मूळचे बगदादचे. त्यांचं नाव यित्झाक निस्सीम. चमत्कार टेबलाच्या त्या बाजूला बसला होता, आणि चमत्कारानं वाचलेली माणसं या बाजूला रांगेत उभी होती. ती रांगेत गप्प बसली नाहीत. जेरुसलेममध्ये त्यांनी धरणं धरलं. १९६४च्या ऑगस्टमध्ये तिथल्या संसदेनं, क्नेसेटनं, हे लोक सर्वार्थानं ज्यू आहेत असं सांगितलं, आणि सूचनेतून त्यांच्या जमातीचं नाव गेलं.

याच जमातीतले निस्सीम एझिकेल १९२४ साली मुंबईत जन्मले. इंग्रजीत कविता लिहिल्या, १९८३ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळवला. त्यांचं आडनाव म्हणजे सामाजींच्या वडिलांचंच नाव, हसाजीचं मूळ रूप. इंदिरा संतांच्या मराठी कविता वृंदा नाबर यांच्याबरोबर इंग्रजीत नेणारेही हेच. बहुतेक सगळे मुंबईकर ज्यू निघून गेले तरी हे मुंबईतच राहिले. शेवटी अल्झायमरनं स्मरणशक्ती गेली आणि २००४ साली ते गेले. ज्या लोकांनी केवळ पाठांतरावर दोन हजार वर्षं काढल्याचं सांगितलं जातं, त्यांच्यातल्या कवीची आठवण जावी, याला मी काय म्हणू?

आज हे नाव मागं पडलंय. इस्राएलमध्ये निस्सीम म्हणजे आजोबांच्या पिढीचं नाव, आपल्याकडच्या पांडुरंगासारखं. आईबापांना आता छोटी, सुटसुटीत नावं हवी असतात. त्यांची तक्रार नाही, फॉर्मवरच्या चौकोनांत लहान नाव बरं बसतं.

पण हिब्रू नाव ठेवणाऱ्यांचा एक हिशेब मला फार आवडतो. मुलाचं नाव त्यांनी नुसतं ‘नेस’ ठेवलं नाही, अनेकवचनात ठेवलं. एका चमत्कारानं माणूस बुडत्या जहाजातून किनाऱ्याला लागतो. पुढं घाणा चालवायला, मुलांची लग्नं लावायला आणि आपण कोण हे साहेबाला पटवून द्यायला आणखी लागतात. किती लागतील ते आधी कळत नाही. तेव्हा आमच्या साहेबांचा अर्थही तितकासा चुकीचा नसावा.